‘फेलोशिप’ला शिष्यवृत्ती म्हणावं का?

प्रश्न असा: मानसिक आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकाराला ‘रोझलिन कार्टर फेलोशिप’ मिळाली, तर मराठी बातमीत काय लिहायचं? शिष्यवृत्ती, अधिछात्रवृत्ती, की फेलोशिपच?

शिष्यवृत्ती नको. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर शाळा येते: परीक्षा, गुणवत्ता यादी, सत्कार. इथे शिष्य कोणीच नसतो. अमेरिकेत अटलांटा इथल्या कार्टर सेंटर या स्वयंसेवी संस्थेने १९९६ साली सुरू केलेली ही योजना कामात मुरलेल्या पत्रकारांसाठी आहे. मुदत वर्षभराची. विषय पत्रकाराने स्वतः मांडायचा, नोकरी सोडायची गरज नाही. अटलांटाला जाऊन तज्ज्ञांशी चर्चा करायची आणि परत आपल्याच वाचकांसाठी लिहायचं. दैनंदिन बातम्यांच्या धबडग्यात जो विषय तीनशे शब्दांत उरकावा लागतो, त्याला नीट वेळ देता यावा, हा या योजनेत मिळणाऱ्या पैशाचा उपयोग. म्हणूनच त्याला ‘विद्यावेतन’ही म्हणू नये, ते प्रशिक्षणार्थींना मिळतं.

अधिछात्रवृत्ती हा शब्द चुकीचा नाही, पण त्याची जागा ठरून गेली आहे. बार्टी, सारथी या महाराष्ट्र शासनाच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्यांमुळे तो पीएच.डी.शी घट्ट जोडला गेला आहे. बातमीत वापरलात, तर पत्रकार प्रबंध लिहितो आहे असंच वाचक समजेल.

मला ‘अभ्यासवृत्ती’ सर्वांत योग्य वाटतो. मराठीत अभ्यास मुलांचाही असतो आणि ‘या विषयाचा त्यांचा दांडगा अभ्यास आहे’ असं जाणत्या माणसाबद्दलही आपण म्हणतो. ‘वृत्ती’ इथे स्वभाव या अर्थी नाही, तर निर्वाहाचं साधन या जुन्या अर्थी आहे; गावच्या जोश्याची वृत्ती असायची, तीच ही. गंमत म्हणजे वार्ताहराचं ‘वृत्त’ही त्याच ‘वृत्’ धातूचं.

घोळ होतो तो इथेच. शेजारी ‘मानसिक’ आलं की ‘वृत्ती’ मनोवृत्तीकडे झुकते. ‘मानसिक आरोग्य पत्रकारिता अभ्यासवृत्ती’ अशी नामांची आगगाडी केली, तर कोणाचं आरोग्य आणि कसली वृत्ती, हे दोनदा वाचावं लागतं. मथळ्यात जागा वाचवायला ‘मानसिक पत्रकारिता’ केलं, तर अर्थाचा अनर्थच. विभक्ती लावा, डबे सुटे होतात: ‘मानसिक आरोग्याच्या वार्तांकनासाठी अभ्यासवृत्ती’. तिथे ‘मनोरुग्णांवरील लेखनासाठी’ मात्र नको. या विषयात उपचारांचा खर्च, कायदे, व्यसनं, शाळकरी मुलांवरचा ताण, असं पुष्कळ काही येतं; आणि आजार असलेल्या माणसाची ओळख केवळ ‘रुग्ण’ एवढीच उरू नये, यासाठीच तर हे लेखन असतं.

लेखननियमाचा एक बारकावा. ‘अभ्यासवृत्ती’चा शेवट दीर्घ, पण मूळ संस्कृतात ऱ्हस्व असलेला तत्सम शब्दाचा इकार समासात पूर्वपदी ऱ्हस्वच राहतो, म्हणून ‘अभ्यासवृत्तिधारक’, जसं बुद्धिवैभव. अनेकवचन अभ्यासवृत्त्या.

योजनेचं मूळ नाव मात्र बदलू नये. पहिल्या उल्लेखात ते जसंच्या तसं द्यावं, पुढे मराठी शब्द चालवावा: ‘त्यांना रोझलिन कार्टर फेलोशिप मिळाली आहे. या अभ्यासवृत्तीच्या काळात त्या ग्रामीण भागातील उपचारसेवांवर लेखमाला लिहिणार आहेत.’