मीटिंग तू चालव, निर्णय त्यांना घेऊ दे

तुझा मेसेज वाचला. दर आठवड्याच्या रिव्ह्यू मीटिंगची फॅसिलिटेटर, म्हणजे मीटिंग चालवणारी म्हणून मॅनेजरने तुझं नाव टाकलं आणि तुला वाटतंय की सगळ्यात ज्युनिअर म्हणून हे लोढणं तुझ्या गळ्यात मारलं. असेलही तसं, नको असलेली कामं आपल्याकडे वरून खालीच येतात. पण या कामाला ज्युनिअर असणं फार काही वाईट नाही, कारण रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन, शुक्रवारी गेलं काय आणि सोमवारी गेलं काय, तुझं त्यात काही अडलेलं नसतं, आणि ज्याचं काही अडलेलं नाही त्यानेच मीटिंग चालवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅनेजर स्वतः मीटिंग चालवतो तेव्हा काय होतं ते तू बघितलंच असशील. तोच अजेंडा काढतो, तोच पहिला बोलतो, तोच विचारतो "काय वाटतं मग सगळ्यांना?", आणि मग समोरून येतं ते "चालेल सर". आता हे "चालेल" नीट ऐकायला शिक. एक असतं पटकन आलेलं, मोकळं, आणि एक असतं जरा थांबून, लॅपटॉपकडे बघत म्हटलेलं. दुसऱ्या "चालेल"चा अर्थ असतो की मला पटलेलं नाहीये पण तुमच्यापुढे कोण बोलणार, आणि ते न पटलेलं मग मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर निघतं, जिथे त्याचा काही उपयोग नाही. तर ते दुसरं "चालेल" आलं की तिथेच थांबायचं आणि नाव घेऊन विचारायचं, "टेस्टिंगच्या बाजूने यात काय अडचण येऊ शकते?" म्हणजे "तुझा विरोध आहे का" असं नाही विचारायचं, विरोध आहे म्हणून सगळ्यांसमोर कोणी सांगत नाही, पण अडचण मात्र लोक लगेच सांगतात.

आणि मॅनेजरला आधी एकटं गाठून सांग की सर, तुम्ही शेवटी बोला. हे ऐकायला धाडसाचं वाटतं पण बहुतेक लोक मान्य करतात, फक्त आधी सांगावं लागतं, चारचौघांत नाही. निर्णय त्यांचाच आहे, तो तू काढून घेत नाहीयेस हेही तेव्हाच सांगून टाक, म्हणजे त्यांनाही टेन्शन नाही.

तुला स्वतःला एखाद्या मुद्द्यावर बोलायचं असेल तर? बोल की, पण तेवढ्यापुरतं सूत्रं दुसऱ्याकडे दे, सरळ म्हण "यात माझं मत आहे, पुढची दहा मिनिटं तू चालव". दोन्ही एकदम करायला गेलीस की लोकांना वाटतं तू वेळेचं कारण सांगून त्यांना गप्प करतेयस, आणि एकदा तसं वाटलं की मग तुझं कोणी ऐकत नाही.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुला माहीत असेल, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं ते छोटंसं गोंड गाव, ज्याला २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते हे सगळे सांगतात, पण मला त्याहून भारी वाटतो तो त्यांचा अभ्यासगट. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं, खूप चर्चा करायची, पण निर्णय तिथे घ्यायचा नाही, तो ग्रामसभेतच. आता ऑफिसात सर्वसहमतीइतका वेळ कोणाकडे नाही आणि तिथे गावासारखे सगळे सारखे पण नसतात, ते सोड. पण समजून घेणं वेगळं आणि ठरवणं वेगळं, ही गोष्ट जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. आपल्या निम्म्या मीटिंगा लांबतात त्या यामुळेच, अर्धे लोक अजून विषय समजून घेत असतात आणि उरलेले मतदान करून मोकळे झालेले असतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला सांगून टाक, "आत्ता फक्त समजून घेतोय, ठरवायचं गुरुवारी" किंवा "आज ठरवूनच उठायचंय".

अजेंड्यात "रिलीजवर चर्चा" असं लिहू नकोस, चर्चा काय, कितीही वेळ होऊ शकते. प्रश्न लिही. "पेमेंटचा बग राहिलेला असताना रिलीज शुक्रवारी करायचं की सोमवारी?" असं लिहिलं की उत्तर मिळालं की नाही ते कळतं आणि कोणाला बोलवायची गरज नाही तेही कळतं. आणि सगळ्यात अवघड प्रश्न सगळ्यात वर ठेव. पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९५७ साली एका काल्पनिक कमिटीची गंमत लिहिली होती, १ कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर आणि ३५० पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नव्हती आणि शेडचं छप्पर सगळ्यांना कळत होतं. आपल्या सोसायटीच्या जनरल बॉडीत पार्किंगचे पट्टे कुठे मारायचे यावर होणारी मारामारी आठव, हेच ते. ऑफिसात बटणाचा रंग निघाला की समजायचं सायकल शेड आली, आणि दोघांना नेमून द्यायचं, "तुम्ही दोघं ठरवा आणि ग्रुपवर टाका".

लांबण लावणाऱ्या सीनियरला कसं थांबवायचं हे तू विचारलंयस. त्यांचं म्हणणं एका वाक्यात तूच बोलून दाखव, "म्हणजे तुमचं म्हणणं सर्व्हरचा खर्च वाढेल, बरोबर?" ते हो म्हणतात, तू ते बोर्डावर लिहितेस, आणि पुढच्याचं नाव घेतेस. माणूस तेच तेच परत बोलतो तो बहुतेक वेळा आपलं कोणी ऐकलं नाही असं वाटून, लिहिलेलं दिसलं की शांत होतो. विषय सोडून गेले तर बोर्डाच्या कोपऱ्यात पार्किंग लॉट कर, म्हणजे नंतर बघायचे मुद्दे लिहून ठेवायची जागा, पण शेवटची पाच मिनिटं त्यासाठी खरंच राख, नाहीतर दोन आठवड्यांत लोकांना कळतं की तो कोपरा म्हणजे कचराकुंडी आहे.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला जमलं पाहिजे. मनात दहा मोज. ऑनलाइनवाल्यांना म्यूट काढायलाच तीन सेकंद लागतात, आणि अर्धे लोक रूममध्ये आणि अर्धे कॉलवर असतील तर पहिली पाळी कायम कॉलवाल्यांची, कारण रूममधले एकदा सुरू झाले की कॉलवरचा माणूस हात वर करून बसतो आणि कोणी बघत नाही. पाचसहा जण असतील तर आधी दोन मिनिटं सगळ्यांना आपापलं चॅटमध्ये लिहायला लाव आणि एकदमच पाठवायला सांग. मग कोणी कोणाच्या मागे जात नाही.

ठरवायची वेळ आली की प्रत्येकाने हाताने मूठ ते पाच बोटं दाखवायची, हे मला आवडतं. मूठ म्हणजे अजिबात नको, पाच म्हणजे एकदम पटलं, तीन म्हणजे फार आवडलं नाही पण अडवणार नाही. दोन किंवा कमी दाखवणाऱ्यालाच फक्त विचारायचं, "काय बदललं तर तू तीनवर येशील?" बाकीच्यांना परत बोलायला द्यायचं नाही, त्यांचं झालंय.

आणि एमओएम, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद, नंतर बनवत बसू नकोस. निर्णय झाला की त्याच मिनिटाला, सगळ्यांना स्क्रीनवर दिसेल असा टाइप कर, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. "कोण"च्या जागी "टीम बघेल" येऊ द्यायचं नाही, टीम बघेल म्हणजे कोणीच बघणार नाही, एकाच माणसाचं नाव हवं आणि तो माणूस तिथे हजर हवा, सुट्टीवर असलेल्याच्या नावावर काम टाकायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. टाइप करताना शब्दांवरून वाद होईल, होऊ दे, तो वाद मीटिंगमध्येच झालेला बरा.

प्रश्न तीनच्या वर झाले तर एक काढून टाक. आणि कोणालाच काही ठरवायचं नसेल तर मीटिंग रद्द करायचा अधिकार तुला आहे का, हे मॅनेजरला आधीच विचारून घे. सोमवारचा अजेंडा केलास की मला पाठव, रात्री जेवणानंतर बघतो, शनिवारी मात्र मी गावाला आहे, तिकडे रेंज नसते.