बोलायला सुचत नाही, नाचता येत नाही, मग ग्रुपमध्ये जाऊन करू काय?

"एकटं वाटतं हो, पण लोकांत गेलं की काय बोलायचं तेच सुचत नाही." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता पहिला अर्धा भाग ऐकला तरी दुसरा कळतो. नवीन शहरात आलेली मुलगी, घरून काम करणारा पंचविशीतला मुलगा, रिटायर झालेली माणसं, जोडीदार गेलेली माणसं, सगळ्यांचं तेच. आणि मी डान्स ग्रुपचं नाव काढलं की लगेच पुढचं वाक्य येतं, "ह्या वयात? मला कुठे नाचता येतंय?" म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि समुपदेशनाच्या बऱ्याच सेशनमधलं बोलणं दोनचार संवादांत आणलंय.

एक काका होते, पासष्टी ओलांडलेले, काकू गेल्यावर मुलीकडे राहायला आलेले. आजूबाजूला सगळी वेगळ्या भाषेची माणसं. मुलगी-जावई प्रेमळ, तक्रार कशाचीच नाही, पण दुपार झाली की खोलीचं दार लोटून बसायचे ते जेवायलाच बाहेर.

मी विचारलं, "खाली बागेत जाता का काका?"

"गेलो होतो. ज्यांच्याशी जेमतेम बोलता येतं ते सगळे एकच विचारतात, आता बरं वाटतंय का? बरं वाटतंय म्हटलं तर तिच्याशी बेइमानी केल्यासारखं होतं, आणि नाही म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. त्यापेक्षा खोली बरी."

ह्या उत्तरावर मी खूप विचार केला. काकांना माणसं नको नव्हती, त्यांना तो प्रश्न नको होता. म्हणजे जिथे कोणी काही विचारणार नाही आणि तरीही माणसं असतील अशी जागा हवी होती. माझ्या माहितीत एक डान्स ग्रुप होता, सगळ्या वयाचे लोक, स्टेज नाही, स्पर्धा नाही, मागे खुर्च्या मांडलेल्या. म्हटलं, "नाचू नका, तासभर नुसतं बसून या." मुलीच्या आग्रहाखातर गेले. पहिल्या दिवशी खुर्चीवरच बसले, पाय ठेका धरत होता म्हणे, आणि शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना एकदाही "या ना, या ना" केलं नाही, हे मला फार आवडलं.

नंतर एकदा आले ते बराच वेळ गप्पच. मग म्हणाले, "मॅडम, काल समोरासमोर उभं केलं आम्हाला. एकाने हात हलवायचा, दुसऱ्याने तसाच हलवायचा. माझ्यासमोर एक आजी, त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही. माझी पाळी आली आणि माझा हात असा छातीवर गेला. ठरवून नाही, गेला. तर त्यांनीपण ठेवला."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी विचारलं नाही काही. पण मला वाटलं, कळलं त्यांना."

आणि काका रडले. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच, हे मला मुलीकडून नंतर कळलं. मी त्या वेळी एक शब्दही बोलले नाही, आणि ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

आपण धरून चालतो की आधी बोलणं, मग ओळख, मग जवळीक. माझा अनुभव उलटा आहे, आधी शरीरं एका तालात येतात, बोलणं मागून येतं. ही काही माझीच कल्पना नाही. मॅरियन चेस ह्या नृत्यांगनेने 1942 पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात हेच केलं, जे रुग्ण बोलतच नव्हते त्यांच्या हालचाली उचलायच्या आणि त्यातूनच त्यांच्याशी नातं जोडायचं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2016 मध्ये हेडफोन लावून नाचणाऱ्यांवर प्रयोग केला, तर एकाच वेळी एकसारखं नाचणाऱ्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली आणि त्यांची वेदना सहन करायची ताकदही वाढलेली दिसली. 2001 मध्ये ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या डान्स ग्रुपने पार्किन्सन्स असलेल्यांसाठी क्लास सुरू केले, आता ते बऱ्याच देशांत चालतात, आणि तिथे आलेल्या माणसाला पेशंट नाही, डान्सर म्हणून वागवतात. मला ह्यातलं हे शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं.

"नाचलं की डिमेन्शिया होत नाही ना?" असंही विचारतात. 2003 चा एक गाजलेला अभ्यास आहे, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या पंचाहत्तरीपुढच्या 469 जणांचा, त्यात शारीरिक गोष्टींपैकी फक्त नाचाचा संबंध कमी धोक्याशी दिसला. पण ज्यांचं डोकं आधीच तल्लख तेच नाचत राहिले असंही असू शकतं, त्यामुळे औषध समजून जाऊ नका, माणसांसाठी जा.

काकांचं पुढे छान झालं. एका आठवड्यात ताप आला म्हणून गेले नाहीत, तर पुढच्या वेळी त्या आजींनी हातवारे करून विचारलं, कुठे होता? त्यांना त्या दिवशी जोडीदारच मिळाला नव्हता! "मुलीला सांगून ठेवलंय, ग्रुपच्या दिवशी मला दुसरं काम सांगायचं नाही," हे काका मला ज्या ऐटीत सांगत होते ना, त्यात सगळं आलं. आपल्यावाचून कोणाचंतरी अडतं, हे माणसाला परत मिळायला हवं असतं.

आता ग्रुप कसा निवडायचा. कार्यक्रम बसवायच्या मागे लागलेला क्लास सुरुवातीला नको, तिथे चुकायची भीती पहिली येते. दर वेळी तीच माणसं येतात का ते बघा, रोज नवे चेहरे असतील तर घाम येईल पण ओळख होणार नाही. गोलात उभं करत असतील तर उत्तम, गोलात मागची रांगच नसते. वेगवेगळ्या भाषांचे लोक असतील तर सांगण्यापेक्षा करून दाखवणारा शिक्षक हवा. हात धरायला नको वाटत असेल तर नाही म्हणता आलं पाहिजे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, ज्यांच्या वाट्याला नको ते स्पर्श आलेत त्यांनी तर नक्कीच. गुडघे, हृदय, तोल ह्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, खुर्चीवर बसूनही नाचता येतं. घरात एकट्याने व्हिडिओ लावून नाचणं चांगलंच आहे, पण एकटेपणावर त्याचा उपयोग कमी. आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, ग्रुप त्याच्या जोडीने.

घरच्यांसाठी वेगळं सांगते. सोडायला जा, आणायला जा, पण दारातून मोबाइलवर शूटिंग करू नका, फॅमिली ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. आणि परत येताना "कसं वाटलं, बरं वाटलं का" असं लगेच विचारू नका, त्या प्रश्नापासून सुटायला तर ती माणसं तिथे गेलेली असतात. पुढच्या वेळी किती वाजता निघायचं एवढं विचारा.