धुरामागची बिअर ओळखायची कशी? वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी स्मोक्ड बिअरचा, म्हणजे धुरावर सुकवलेल्या धान्यापासून केलेल्या बिअरचा, नुसता उल्लेख केला होता, त्यावर एवढे प्रश्न आले की आजचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच आहे, धुरापुढे काही लागतच नाही. मला नेमकं त्याच्याबद्दल बोलायचंय, कारण धूर सगळ्यांनाच कळतो, त्याच्यामागची बिअर कळायला लागली की खरी मजा.

प्रश्न: जर्मनीतल्या बाम्बेर्गची राउखबिअर, म्हणजे तिथली स्मोक्ड बिअर, पहिल्यांदाच घेतली. ग्लास तोंडाजवळ नेला आणि थेट बेकनचा वास! यात मांस वगैरे घालतात का? चार घोट घेतले आणि ठेवून दिली. मला हे जमणारच नाही का?

मांस अजिबात नसतं. बार्लीचं माल्ट (मोड आणून सुकवलेले दाणे), हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट, पाणी, संपलं. बेकनचा म्हणून जो वास आपल्याला माहितीये त्यातला बराचसा मुळात धुराचा असतो. लाकूड जळताना त्याला कडकपणा देणारं लिग्निन फुटतं आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं धुरात येतात, ती मांसावर बसली की बेकन होतं आणि माल्टवर बसली की राउखबिअर. तुमची ओळख आधी बेकनशी झालेली, म्हणून नाकाने पटकन तेच नाव सांगितलं, एवढंच.

आता चार घोटांचं. तिथे घाई झाली हो. उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत आलं की सुरुवातीला काही दिसत नाही, मग हळूहळू सामान दिसायला लागतं, तसंच इथे होतं. नाक एका वासाला फार लवकर सरावतं, त्यामुळे पहिल्या काही घोटांत धूर अंगावर येतो आणि ग्लास अर्धा होईपर्यंत तो मागे सरकतो, मग भाजलेल्या ब्रेडसारखी माल्टची चव, थोडा टॉफीचा गोडवा, शेवटी कोरडा कडवटपणा असं एकेक पुढे येतं. म्हणून माझा नियम आहे, राउखबिअरबद्दल मत द्यायचं ते अर्धा ग्लास संपल्यावर, त्याआधी दिलेलं मत फक्त धुराबद्दल असतं.

घरी एक गोष्ट करून बघा. नाक चिमटीत धरा, एक घोट घ्या, तोंडात फिरवा आणि गिळा. धूर जवळजवळ गायब असेल, फक्त गोड, कडू आणि गॅसची चुणचुण कळेल. आता नाक सोडा आणि नाकानेच श्वास बाहेर टाका, धूर घशाच्या मागून वर चढतो. म्हणजे जिभेला लागते ती बिअर आणि धूर बहुतेक सगळा नाकाचा मामला. हे दोन-तीनदा केलं की दोन्ही वेगळं काढता येतं, आणि एकदा वेगळं काढता आलं की ते परत एकत्र कसं बसतं हे बघण्यात खूप आनंद आहे, खरंच सांगतो.

प्रश्न: हा धूर बिअरमध्ये येतो कुठून? बाटलीतला एसेन्स टाकतात असं एकाने सांगितलं.

एसेन्स टाकणारे असतीलही, पण चांगल्या स्मोक्ड बिअरमध्ये धूर माल्टमधूनच येतो. बार्ली भिजवतात, मोड आणतात, आणि मग ते मोड थांबवायला ती भट्टीवर सुकवावी लागते. या सुकवण्याच्या वेळी खाली लाकूड पेटवलं आणि त्याचा धूर ओल्या दाण्यांतून जाऊ दिला की माल्ट धुरकट होतं. बाम्बेर्गमध्ये यासाठी बीच नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात.

आणि हे कुणी नव्याने शोधून काढलेलं नाही हे लक्षात घ्या. पूर्वी जिथे माल्ट विस्तवावर सुकवायचे तिथे धूर कमी-जास्त लागायचाच, तो टाळायचा कसा हीच अडचण होती. मग 17व्या शतकात इंग्लंडमध्ये कोकवर, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या इंधनावर, माल्ट सुकवायला लागले, त्याला धूर नाही, आणि पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या ज्यात आगीचा धूर दाण्यापर्यंत पोचतच नाही, आणि बघता बघता सगळीकडची बिअर बिनधुराची झाली. बाम्बेर्गमध्ये दोन ब्रुअरी मात्र आपलं माल्ट आजही स्वतः लाकडावर सुकवतात, एक श्लेंकेर्ला, जिच्या जागेचा उल्लेख 1405 चा आहे, आणि दुसरी स्पेत्सियाल, 1536 ची. बाकीच्या जगाने जे सोडून दिलं ते या दोघांनी धरून ठेवलं म्हणून आज आपल्याला त्याची चव तरी माहितीये. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

प्रश्न: सुरुवात हलक्या धुरापासून करायची असेल तर कुठली घ्यावी?

श्लेंकेर्लाची मेर्त्सेन सगळ्यात प्रसिद्ध, 5.1 टक्के अल्कोहोल, गडद तपकिरी, पण तिच्यात धूर भरपूर आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात केली की बरेच जण घाबरतात. स्पेत्सियालची राउखबिअर त्यामानाने मवाळ, धूर आहे पण तो माल्टच्या मागे बसलेला. त्याहून हलकं हवं तर श्लेंकेर्लाचीच हेल्लेस, म्हणजे फिकट रंगाची बिअर, बघा, ती मला फार इंटरेस्टिंग वाटते कारण तिच्यात स्मोक्ड माल्ट घालतच नाहीत, फक्त ती त्याच भांड्यांमध्ये बनते आणि यीस्टही राउखबिअरमधलंच, तेवढ्यानेसुद्धा धुराची पुसट छटा येते. बारकाईने चव घ्यायची सवय लावायला याहून चांगली बिअर नाही.

आणि जर्मनीच्या बाहेर बघायचं तर पोलंडची ग्रोजिस्के. ही सगळी गव्हाच्या माल्टची, आणि ते माल्ट ओकच्या धुरावरचं. अल्कोहोल जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, रंग फिकट, एकदम नितळ, गॅस भरपूर. धूर आहे पण अंग इतकं हलकं की जड वाटतच नाही. ग्रोजिस्क गावातली ब्रुअरी 1993 मध्ये बंद पडली होती, पण घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांनी ही स्टाइल मरू दिली नाही आणि 2015 मध्ये गावात पुन्हा ब्रुअरी सुरू झाली. ज्यांना धूर म्हणजे काळी जड बिअर असं वाटतं त्यांनी ही नक्की घ्या.

प्रश्न: मला पीटचा धूर असलेली व्हिस्की प्रचंड आवडते. तशीच बिअर मिळेल का?

मिळते, पण तीच मजा येईल असं धरून चालू नका. पीट म्हणजे दलदलीत साठत गेलेल्या वनस्पतींचा थर, त्याच्या धुरात क्रेसॉल वगैरे जास्त, त्यामुळे औषधी, आयोडीनसारखा, डांबराकडे झुकणारा वास येतो. व्हिस्कीत तो डिस्टिलेशनमधून आणि पिंपातल्या वर्षांमधून गेलेला असतो, शिवाय घोट एवढासा. बिअरचा अख्खा ग्लास प्यायचा असतो, त्यात हा वास लवकर नकोसा होतो. माझं मत विचाराल तर पीट माल्ट बिअरमध्ये फार कमी वेळा शोभतं, आणि शोभतं तेव्हा ते दाट, गोडसर, जास्त अल्कोहोलच्या बिअरमध्ये चिमूटभर घातलेलं असतं.

लाकडांमध्येही फरक आहेच. बीचचा धूर बेकन-हॅमकडे जातो, ओकचा थोडा मऊ आणि गोल लागतो, आल्डर नावाच्या झाडाचा अलास्कात आणि नॉर्वेत वापरतात. श्लेंकेर्लाची नाताळच्या वेळची आयशे नावाची डॉपेलबॉक (दाट, जास्त अल्कोहोलची जर्मन बिअर) ओकच्या धुरावरच्या माल्टची असते, 8 टक्के. तिच्या शेजारी मेर्त्सेन ठेवून घोट घेतलात तर लाकूड बदललं की काय बदलतं ते लगेच कळेल, वाचून ते नीट कळत नाही.

प्रश्न: ग्लास कुठला, किती थंड, आणि चार-पाच प्रकार एकत्र चाखायचे तर क्रम काय?

ग्लासबद्दल फार डोकं लावू नका, स्वच्छ असावा आणि फेसाला वर जागा असावी, बास. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि फेसाबरोबर अर्धा वास जातो.

तापमान मात्र महत्त्वाचं. बर्फगार दिलीत तर माल्टचा गोडवा दबतो आणि मग राहतो नुसता कोरडा धूर आणि कडवटपणा, तेव्हा लोक म्हणतात राख प्यायल्यासारखं वाटतंय. आठ ते दहा डिग्री चांगलं, डॉपेलबॉक असेल तर अजून थोडी वर चालेल. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा आणि पिताना घाई करू नका, कारण ती ग्लासात गरम होत जाते तशी बदलत जाते आणि तो बदल बघणं हाच चाखण्यातला मोठा भाग आहे.

क्रम कमी धुराकडून जास्त धुराकडे, आणि अल्कोहोलही कमीकडून जास्तीकडे. बिनधुराची बिअर त्याच बैठकीत चाखायची असेल तर ती सगळ्यात आधी, नंतर घेतलीत तर तिच्यातही धूर लागेल. ग्लास प्रत्येक वेळी वेगळा घ्या नाहीतर नीट विसळा. मध्ये पाणी, साधा ब्रेड. नाक थकलंय असं वाटलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, साधीच युक्ती आहे पण चालते. आणि ग्लास रिकामा झाला की लगेच ठेवून देऊ नका, त्याचा वास घ्या. बिअर गेलेली असते, गॅस गेलेला असतो, काचेवर जो पातळ थर राहतो त्यात धूर एकदम सुटा कळतो, कधी गोडसर, कधी चामड्यासारखा, कधी विझलेल्या शेकोटीसारखा.

प्रश्न: एका स्मोक्ड बिअरला जखमेवरच्या पट्टीसारखा, प्लास्टिकसारखा वास होता. हा धूरच का दोष?

दोष असण्याची शक्यता जास्त. पाण्यातलं क्लोरीन फिनॉलशी (वरची ग्वायकॉल, क्रेसॉल याच गटातली) मिळालं की क्लोरोफिनॉल होतात, ते अगदी थोडे असले तरी पट्टी, प्लास्टिक असाच वास येतो. स्मोक्ड बिअरमध्ये फिनॉल आधीच भरपूर, त्यामुळे ब्रुअरने पाण्याकडे दुर्लक्ष केलं तर इथे जास्त महागात पडतं. लवंगेसारखा वास आला तर तो बहुतेक वेळा यीस्टचा, व्हीट बिअरमध्ये तो हवाच असतो, पण स्वच्छ चवीच्या, थंडीत आंबवलेल्या लागरमध्ये आला तर काहीतरी बिनसलंय. तबेल्यासारखा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. आंबट लागली तर मात्र आधी लेबल वाचा, कारण लिश्टेनहाइनर नावाची जुनी जर्मन स्टाइल धुरकट आणि आंबट दोन्ही असते.

सोपी खूण सांगतो, चांगला धूर दुसऱ्या-तिसऱ्या घोटानंतर मऊ होत जातो, दोष मात्र घोटागणिक जास्त टोचतो.

प्रश्न: सोबत खायला काय?

धुराला धूर चालतो, पण दोन्हीकडे तीव्र असेल तर काहीच कळत नाही. जुनं गौडा चीज, भाजलेले मश्रूम, कॅरमलाइज झालेला कांदा, भाजलेलं मांस हे सगळं जमतं. बाम्बेर्गमध्येच खिमा भरलेला कांदा राउखबिअरच्या सॉसबरोबर देतात, तिथल्यांनी जोडी बरोबर ओळखली आहे. नाजूक मासे आणि फार तिखट पदार्थ टाळा, माशाची चव धुराखाली दबते आणि तिखटाने कडवटपणा अंगावर येतो.

प्रश्न: घरी बिअर बनवतो. स्मोक्ड माल्ट किती घालू?

बीचच्या धुरावरचं माल्ट असेल तर एकूण माल्टच्या वीस-तीस टक्क्यांपासून धूर स्पष्ट कळायला लागतो आणि शंभर टक्के घातलं तरी बिअर पिण्यासारखी होते. पीट माल्ट असेल तर दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जायचं धाडस करू नका. टक्क्यांपेक्षा माल्ट किती ताजं आहे ते बघा, कारण पडून राहिलं की धूर उडत जातो. चार दाणे चावून बघा, दाण्यात धूर नसेल तर बिअरमध्ये कुठून येणार? आणि पहिल्यांदा बनवताना हॉप्सचा हात आवरता ठेवा, वासाचे हॉप्स आणि धूर सहसा एकमेकांचं ऐकत नाहीत.

प्रश्न: स्मोक्ड बिअर वर्षभर ठेवली तर चांगली होते म्हणतात, खरं का?

सगळ्या नाही. ग्रोजिस्के, हेल्लेस या ताज्याच प्यायच्या, मेर्त्सेनही लवकर संपवलेली बरी. ठेवायच्या त्या जास्त अल्कोहोलच्या आणि दाट, म्हणजे डॉपेलबॉक किंवा स्मोक्ड पोर्टर (पोर्टर म्हणजे गडद, भाजल्या चवीची बिअर). अलास्कातल्या अलास्कन ब्रुइंग या ब्रुअरीची स्मोक्ड पोर्टर याचं उत्तम उदाहरण, 1988 मध्ये पहिल्यांदा बनवली, आल्डरच्या लाकडावर माल्ट धुरवतात, आणि सुरुवातीला ते काम ब्रुअरीसमोरच्या सामन मासे धुरवायच्या जागेत केलेलं. बाटलीवर वर्ष छापतात म्हणून लोक वेगवेगळ्या वर्षांच्या शेजारी शेजारी उघडून बघतात. ठेवल्यावर हॉप्सचा कडवटपणा उतरतो, माल्टमध्ये मनुका, शेरी अशा चवी येतात आणि धूर त्यात मुरतो.

ठेवायची तर बाटली उभी, अंधारात, थंड आणि तापमान फार वर-खाली होणार नाही अशा जागी. आणि एकच ठेवू नका, निदान तीन घ्या, एक आत्ता प्या आणि चव लिहून ठेवा, एक वर्षाने, एक दोन वर्षांनी. लिहिताना ‘धूर होता’ एवढं लिहून उपयोग नाही, धूर आधी आला का नंतर, गोडव्याच्या वर होता का खाली, गिळल्यावर किती वेळ राहिला, एवढं लिहिलंत की पुढच्या बाटलीच्या वेळी तुलना करायला हाताशी काहीतरी असेल.