सायलेन्सरला चिकटलेला मल्चिंग पेपर कसा काढायचा?

रावेर-सावदा रस्त्यावर शेतातून उडालेला मल्चिंग पेपर गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपला वितळून चिकटलाय, असं तुम्ही लिहिलंय. हा पेपर म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरतात ती पातळ पॉलिथिनची फिल्म, साधारण 110 ते 125 अंशांना वितळणारा. थिनर, ॲसिटोनने तो विरघळत नाही. पेट्रोल तर गरम पाइपजवळ नेऊच नका, भडका उडेल.

गाडी थंड असताना दोन-तीन मिनिटंच चालू ठेवून बंद करा. प्लास्टिक च्युइंगमसारखं मऊ झालं की जाड हातमोजे घालून लाकडी पट्टीने कडेपासून सोलत या. उरलेला काळा थर पितळी तारेच्या ब्रशने घासा, फक्त पाइपवरच्या ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाची) वायर सांभाळा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कृपा करून शिरू नका, स्टँड लावाच. पातळ डाग राहिला तर हळूहळू जळून जातो. वास येईल तोवर काचा उघड्या ठेवा.