दादाच्या जेवणात ती पावडर मिसळू नकोस

तुझं पत्र वाचलं, आणि तू अगदी शेवटी जे विचारलंयस त्याचंच उत्तर आधी देते. दारू सोडवायची पावडर दादाला न सांगता जेवणात घालू का? नको. आईने कितीही आग्रह केला तरी नको.

असल्या पुड्यांमध्ये नक्की काय असतं ते धड लिहिलेलंच नसतं. समजा त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध निघालं तर? दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचा निचरा होतो, हे औषध तो निचराच अडवतं, मग माणूस थोडीशी जरी प्यायला तरी तोंड लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, आणि कधीकधी जीवही जातो. गोळी बंद केल्यावरसुद्धा 14 दिवसांपर्यंत हे होऊ शकतं. डॉक्टर हे औषध देतात, पण तपासण्या करून आणि पेशंटला सगळं सांगून, त्याची तयारी असेल तरच.

पण खरं सांगू, मला जास्त भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची जी तू सहज लिहून गेलीस. मागच्या महिन्यात दादाने स्वतःहून दारू बंद केली, तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतायत म्हणून ओरडत सुटला आणि घरचे म्हणाले नाटकं करतोय. अगं ती नाटकं नव्हती! रोजच्या दारूने मेंदू दबून राहतो आणि त्या दाबाविरुद्ध जोर लावून काम करायची त्याला सवय होते, दारू अचानक थांबली की तो जोर मोकाट सुटतो. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांत भास, ताप, प्रचंड घाम, काही भान नाही, याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो. सकाळी त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही आणि एक पेग पोटात गेला की बोटं स्थिर होतात असं तू लिहिलंयस ना, ते मेंदूला दारूची अशी सवय लागल्याचंच लक्षण आहे. म्हणून काका म्हणतात तसं खोलीत कोंडून दारू तोडायची नाही म्हणजे नाही. आणि झोपेच्या गोळ्या त्याच्या हाताला लागू देऊ नकोस, दारूवर त्या घेतल्या तर झोपेतच श्वास थांबू शकतो.

दारू सुटते गं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्यांनी दिलेली औषधं हळूहळू कमी करत, सोबत बी1 हे जीवनसत्त्व देऊन. तो प्यायलेला असताना वाद घालू नकोस. शुद्धीत असेल तेव्हा त्या रात्री तू काय पाहिलंस तेवढंच सांग, लेक्चर नको.

तुझ्यामुळे तो पितो असं तो म्हणतो, ते मनाला लावून घेऊ नकोस. अल-अनॉन हा गट 1951 पासून पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे, तो आला नाही तरी तू जा. आणि तो किती पितो, कधी पितो, ती रात्र कशी गेली हे सगळं कागदावर लिहून या आठवड्यातच डॉक्टरांकडे घेऊन जा, एकटी गेलीस तरी चालेल. मध्येच फिट आली किंवा परत भास सुरू झाले तर मात्र सकाळची वाट बघू नका, त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका आणि तडक हॉस्पिटल गाठा.