आवशीक मरूची घाई झाली?

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून काकी माझ्याकडे आल्या, सोबत मुलगा. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाची बिलं. घाट चढून कोल्हापूरला नेलं होतं. तिथे १९ दिवस, त्यातले १७ व्हेंटिलेटरवर. पिशवी त्यांनी उघडलीच नाही. डावं मनगट उजव्या हातात धरून म्हणाल्या, "हयसर बांधलेले. गॉजच्या पट्टीन. नळी ओढून काढतीत म्हणान. माका तसा नको."

त्यांना लिव्हिंग विल करायचं होतं, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र: बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं. मुलगा मान खाली घालून बसलेला. मग एकदम म्हणाला, "ताई, उद्या हिला साधा न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी हा कागद बघून हात वर केले तर? आणि गावात बोलणारे बोलतीलच, आंब्याच्या कलमांसाठी पोरांनी म्हातारीची सही घेतली."

हा न्यूमोनियाचा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. सरळ सांगते: बऱ्या होणाऱ्या आजारात तो कागद बाहेर निघतच नाही. काकी शुद्धीवर आहेत तोवर डॉक्टर काकींनाच विचारणार. त्यांना निर्णय सांगता येत नाही आणि आजारातून उठण्याची आशाही उरलेली नाही, असं दोन्ही झालं तरच तो वाचायचा. तेव्हाही एका डॉक्टरच्या शब्दावर काही थांबत नाही. आधी उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर. कागदात नाव दिलेल्या नातेवाइकांची संमतीही लागते. वेदना कमी करणारी औषधं, अंग पुसणं, तोंड ओलं ठेवणं हे शेवटपर्यंत चालूच.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला हा हक्क मान्य केला, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही हवी होती. देवगडच्या म्हातारीने त्यासाठी कोर्टाच्या किती खेपा घालायच्या? २४ जानेवारी २०२३ च्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. नातेवाईकही एकापेक्षा जास्त लिहिता येतात. म्हणून म्हटलं, मुलगा आणि मुलगी दोघांची नावं घाला आणि साक्षीदार बाहेरचे घ्या, म्हणजे कलमांची कुजबुजही बसेल.

एवढं ऐकूनही मुलगा निवळेना. कायद्याने त्याचं समाधान व्हायचं नव्हतंच. मी विचारलं, "कोल्हापुरात व्हेंटिलेटरच्या फॉर्मवर सही कुणी केली?"

"मी. रात्री अडीच वाजता."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. आई 'मला तसं नको' म्हणते, तेव्हा याला ऐकू येत होतं की तू बाबांचं चुकवलंस. माझ्या मते कागदाला होणारा निम्मा विरोध असल्याच जुन्या सह्यांतून येतो. काकींच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं असावं. पिशवी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तुका कोणी सांगूक नव्हता रे. बापाशीन काय लिवन ठेवलेला नाय. म्हणान तर मी लिवतंय."

मसुदा शेवटी मुलानेच स्वतःच्या अक्षरात लिहिला. एक प्रत गावच्या डॉक्टरांकडे, एक ग्रामपंचायतीत. तिथे "हा कशात लावायचा?" यावर अर्धा तास चर्चा झाली म्हणे.

गेल्या आठवड्यात काकींचा फोन आला. एक ओळ बदलायची आहे: मुंबईची नात कोकणकन्येने येऊन पोचेपर्यंत मशीन चालेल, त्याच्यापुढे नको. बदलता येतं, फक्त लेखी हवं आणि सगळं पहिल्यासारखंच, दोन साक्षीदार नि नोटरी, असं सांगितलं.

"मगे गाडी लेट झाली तर?" त्यांनी विचारलं. तेही लिहून ठेवू म्हटलं.