केएनएनचा (पोटॅशियम-सोडियम नायोबेट सिरॅमिकचा) एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेची स्फटिक तपासणी, सिंगल फेज (एकच पदार्थ) दाखवते, पण पी-ई लूप, म्हणजे विद्युत फील्डबरोबर ध्रुवीकरण कसं बदलतं त्याचा ग्राफ, फुगलेला येतो. सिंटरिंग (भट्टीत भाजून घट्ट करण्याचं) टेम्परेचर 1120 डिग्रीवरून वाढवू का?

नका वाढवू. 1140 च्या आसपास केएनएन वितळायलाच लागतं, आणि जितकं वर जाल तितकं पोटॅशियम-सोडियम उडणार नि लीकेज (पदार्थातून गळणारा करंट) वाढणार. मला विचाराल तर तुमची गडबड भट्टीच्या आधी, वजन करतानाच झालीये.

मी इंदूरला पीएचडी केली. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, लॅबचा एसी बंद. 10 ग्रॅमच्या बॅचला पोटॅशियम कार्बोनेट लागतं साधारण 2.01 ग्रॅम, ते बटर पेपरवर घेतलं तर बॅलन्सचा शेवटचा आकडा थांबेच ना, नुसता चढत होता. वाटलं बॅलन्स बिघडला. मग कागदाच्या कडेला पावडरचे गोळे दिसले, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होतात तसे, तेव्हा लक्षात आलं की हे हवेतलं पाणी ओढतंय, म्हणजे 2.01 मोजूनही पोटॅशियम कमीच पडणार. माझ्या गाइड सरांना म्हटलं, पावडर रात्रभर 200 डिग्रीला सुकवून लगेच तोलू द्या. ते म्हणाले, एक्सआरडी सिंगल फेज आलाय ना, मग कशाला वेळ घालवतेस! अहो, दोनेक टक्के दुसरी फेज असली तर साध्या एक्सआरडीत ती बॅकग्राउंडमध्ये सहज दडते, आणि 45 डिग्रीच्या कोनाजवळचं शिखर नीट दोनात फुटलंय का हे तर कोणी बघितलंच नव्हतं.

लूप आला अंड्यासारखा, टोकं गोल. सर म्हणाले, लूप आला म्हणजे फेरोइलेक्ट्रिक (फील्ड काढल्यावरही ध्रुवीकरण टिकवणारं). भौतिकशास्त्रज्ञ जे. एफ. स्कॉट यांनी 2008 साली केळ्याच्या सालीचा अगदी तसाच लूप छापला होता, तो पेपर प्रिंट काढून मी सरांच्या टेबलावर ठेवला, दोन आठवडे तिथेच पडून होता. आमचा पेपर गेला, रिव्ह्यूअरने करंट-फील्डचा कर्व्ह मागितला, त्यात करंट सगळ्यात जास्त टोकाच्या फील्डला, म्हणजे उघड लीकेज. रिजेक्ट. माझे आठ महिने गेले, अजून आठवलं की जीव जळतो.

नंतर सुकवलेल्या पावडरची बॅच केली, भट्टी तीच, टेम्परेचर तेच, फक्त पेलेट (दाबून केलेली चकती) त्याच पावडरीत पुरून वर अ‍ॅल्युमिनाचं झाकण. डायलेक्ट्रिक स्थिरांक विरुद्ध टेम्परेचरच्या ग्राफवर 200 डिग्रीजवळ एक आणि 420 डिग्रीजवळ दुसरं शिखर स्वच्छ आलं. तुम्हीही आधी हा ग्राफ काढा, 100 किलोहर्ट्झला, लूप नंतर. पोटॅशियम जास्तीचं टाकून भरपाई करायला जाऊ नका, किती उडतं ते दर भट्टीत वेगळं असतं.

हां, डेन्सिटी तुम्ही लिहिलेलीच नाही. केएनएनच्या सैद्धांतिक 4.51 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या नव्वद टक्क्यांच्या खाली असेल तर वजन बरोबर असूनही लूप फुगेल, आणि मग माझं म्हणणं चूक ठरू शकतं. ती पाण्यात मोजू नका, इथेनॉलमध्ये मोजा. आणि हे सगळं केएनएनचं, बीएनटी (बिस्मथ-सोडियम टायटनेट) असेल तर बिस्मथ उडतं आणि कोअर्सिव्ह फील्डच (ध्रुवीकरण उलटवायला लागणारं फील्ड) 70 किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटरच्या वर, तिथे कमी फील्डला नीट लूप येणारच नाही.

गाइड म्हणाले की लूप आलाय, लिहून टाक, तर करंटचा कर्व्ह समोर ठेवा आणि तो बघितल्याशिवाय पेपरवर नाव घालायला हो म्हणू नका. मी हो म्हटलं होतं.